खोलीतील तिजोरी म्हणजे सुरक्षित ठेव नव्हे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत परदेश प्रवासाविषयी जे मार्गदर्शन येते, ते मी नेमाने वाचतो. व्हिसा, विमानाची तिकिटे, चलन, हवामान यांची माहिती त्यात तपशीलवार असते. परंतु हॉटेलात उतरल्यावर मौल्यवान वस्तू कुठे व कशा ठेवाव्यात, या प्रश्नावर ‘खोलीतील तिजोरीचा वापर करावा’ या एका वाक्यापलीकडे फारसे काही वाचायला मिळत नाही. हे वाक्य अपुरे आहे आणि काही वेळा दिशाभूल करणारेही आहे, असे मला स्वतःच्या अनुभवावरून आणि त्यानंतर केलेल्या वाचनावरून वाटते, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी मी व माझी पत्नी जर्मनीतील एका शहरात चार दिवस मुक्कामाला होतो. हॉटेल नीटनेटके होते, कर्मचारी सौजन्याने वागत होते आणि खोलीतील कपाटात आकड्यांचा कळफलक असलेली एक लहान तिजोरी होती. पहिल्याच संध्याकाळी आम्ही तिच्यात पत्नीची हिऱ्याची कर्णफुले, काही रोख युरो आणि दोघांचे पासपोर्ट ठेवले. तिसऱ्या दिवशी रात्री तिजोरी उघडली तेव्हा पासपोर्ट जागेवर होते. कर्णफुलांची डबी आणि पैशांचे पाकीट मात्र नव्हते. तिजोरी आम्ही केली होती तशीच बंद होती. दाराचे कुलूप तोडल्याची किंवा तिजोरी उचकटल्याची कसलीही खूण नव्हती. व्यवस्थापकांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : या वस्तू तिजोरीत होत्या, याचा तुमच्याकडे पुरावा काय? या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पुढे विमा कंपनीनेही जवळजवळ तेच विचारले. कर्णफुलांची खरेदीची पावती सापडत नव्हती आणि त्यांचे स्वतंत्र छायाचित्रही आम्ही कधी काढले नव्हते.

त्या रात्री माझा पहिला संशय खोली साफ करणाऱ्या बाईंवर गेला आणि तो मी बोलूनही दाखवला, याची मला आजही खंत वाटते. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या सांगण्यावरून दाराच्या इलेक्ट्रॉनिक कुलपातील नोंदी वाचल्या गेल्या. त्या बाई सकाळी एकदाच येऊन गेल्या होत्या, आणि त्यानंतर दुपारी आम्ही स्वतः खोलीवर परतून तिजोरी उघडली होती, तेव्हा सर्व वस्तू जागेवर होत्या. म्हणजे त्यांचा काही संबंधच नव्हता. आम्ही पुन्हा बाहेर पडल्यानंतर एकदा दार उघडल्याची नोंद होती, ती हॉटेलच्या एका राखीव कार्डाची होती. ते कार्ड त्या वेळी कोणाच्या हाती होते, हे हॉटेलला सांगता आले नाही. वस्तू परत मिळाल्या नाहीत. परंतु अशा प्रसंगी सर्वांत कमी पगाराच्या माणसावर बोट रोखणे किती सोपे असते आणि किती अन्यायाचे असू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो. कुलपात ठरावीक संख्येइतक्याच नोंदी राहतात आणि जुनी नोंद नव्या नोंदींखाली पुसली जाते, म्हणून वस्तू हरवल्याचे लक्षात येताच ती वाचून घेण्याचा आग्रह धरणे आवश्यक असते. असा आग्रह प्रवाशाच्या हिताचा असतोच, पण निर्दोष कर्मचाऱ्याच्याही हिताचा असतो.

आता त्या तिजोरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्याविषयीचे गैरसमज फार आहेत. खोलीतील तिजोरी बँकेच्या लॉकरसारखी असते, असे आपण मनात धरून चालतो. प्रत्यक्षात ती पातळ पत्र्याची, बॅटरीवर चालणारी पेटी असते आणि भिंतीला किंवा फळीला काही स्क्रूंनी जोडलेली असते. कधी कधी ती जोडलेलीही नसते. पाहुणा आपला कोड विसरतो, बॅटरी संपते, कोणी तिजोरी बंद ठेवूनच निघून जातो. अशा वेळी ती उघडता यावी यासाठी हॉटेलकडे एक मास्टर कोड, एखादे हातात धरायचे उपकरण किंवा चावी असते. यात गैर काहीच नाही, ती हॉटेलची गरजच आहे. पण याचा अर्थ असा की आपला कोड हा त्या तिजोरीचा एकमेव कोड कधीच नसतो. कारखान्यातून तिजोरी येते तेव्हा तिचा मास्टर कोड सर्व शून्ये किंवा तसाच एखादा सोपा आकडा असतो. तो बसवताना बदलायचा असतो आणि काही ठिकाणी तो बदललाच जात नाही. म्हणून खोलीत गेल्यावर रिकामी तिजोरी स्वतःच्या कोडने बंद करावी आणि मग सहा शून्ये दाबून पाहावीत. ती उघडली, तर तिच्यात काहीही ठेवू नये आणि रिसेप्शनला तसे सांगावे. तिजोरी हाताने हलवून ती पक्की बसवलेली आहे की नाही, हेही पाहावे. कोड म्हणून जन्मवर्ष किंवा खोलीचा क्रमांक वापरू नये, आणि कळफलकावर बोटांचे ठसे ठरावीक चारच आकड्यांवर उमटून राहतात, म्हणून तो अधूनमधून पुसून टाकावा.

दाराविषयीही असेच आहे. हॉटेलच्या खोलीला पूर्वी पितळी चावी असे, आता प्लास्टिकचे कार्ड असते, आणि कार्ड म्हणजे अधिक सुरक्षित असा आपला समज होतो. २०१२ साली कोडी ब्रोशियस या संगणकतज्ज्ञाने लास व्हेगासच्या एका परिषदेत दाखवून दिले की, जगभर लक्षावधी दारांवर बसवलेली एका कंपनीची कुलपे त्यांच्या खालच्या बाजूच्या छिद्रात घरी बनवलेले एक स्वस्त उपकरण लावून क्षणात उघडता येतात. त्याच वर्षी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात या पद्धतीने हॉटेलांत चोऱ्या झाल्याचे उघडकीस आले. २०१८ साली फिनलंडच्या तोमी तुओमिनेन आणि तिमो हिर्वोनेन या संशोधकांनी दुसऱ्या एका प्रसिद्ध कुलूपप्रणालीत, कोणतेही जुने, बाद झालेले कार्ड घेऊन त्यावरून संपूर्ण हॉटेलचे मास्टर कार्ड तयार करता येते, हे सिद्ध केले. या शोधामागची हकिगत मला विशेष लक्षात राहिली. २००३ साली बर्लिनमधील एका हॉटेलच्या खोलीतून त्यांच्या सहकाऱ्याचा लॅपटॉप चोरीला गेला होता, दार फोडल्याची खूण नव्हती, आणि म्हणून हॉटेलने ती तक्रार गांभीर्याने घेतली नव्हती. असे कसे होऊ शकते, हे शोधण्याच्या जिद्दीतून पुढे अनेक वर्षांचे काम उभे राहिले. मार्च २०२४ मध्ये आणखी एका प्रणालीतील दोष जाहीर झाला. १३१ देशांतील सुमारे १३,००० ठिकाणच्या ३० लाखांहून अधिक दारांना तो लागू होता आणि त्या वेळेपर्यंत त्यांपैकी ३६ टक्केच कुलपे दुरुस्त झालेली होती. या कंपन्यांनी दोष कळल्यावर उपाय केले, हे नमूद करायलाच हवे. परंतु कुलूप दुरुस्त करायला प्रत्येक दारापाशी माणूस जावा लागतो, त्याला वर्षे लागतात, आणि आपल्या खोलीचे दार दुरुस्त झाले आहे की नाही हे पाहुण्याला बाहेरून कळत नाही. ‘दार फोडलेले नाही, म्हणजे चोरी झालीच नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकणारा नाही, आणि कोणी तो पुढे केला तर प्रवाशाने नमून परत फिरू नये.

आत असताना आतली कडी किंवा अडसर लावणे, शेजारच्या खोलीत उघडणारे मधले दार असल्यास ते बंद असल्याची खात्री करणे, तळमजल्यावरच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीची खिडकी उघडी न सोडणे, या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. ‘खोली साफ करावी’ ही पाटी दारावर लटकवून बाहेर जाणे म्हणजे आत कोणी नाही असे जाहीर करणे आहे, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. सफाई हवी असल्यास रिसेप्शनला फोन करून सांगता येते. उलट ‘व्यत्यय आणू नये’ या पाटीवरही पूर्ण विसंबू नये. २०१७ साली लास व्हेगासमध्ये एका हॉटेलच्या खोलीतून झालेल्या भीषण गोळीबारानंतर अनेक हॉटेलांनी आपले नियम बदलले असून, पाटी लावलेली असली तरी ठरावीक वेळेनंतर कर्मचारी खोलीत डोकावून जातात.

या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची, आणि ज्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे ती गोष्ट कायद्याची आहे. पाहुण्याच्या सामानाची जबाबदारी उतारू घराच्या मालकावर असते, हे तत्त्व फार जुने आहे. रोमन कायद्यात जहाजवाले, सराईवाले आणि तबेलेवाले यांच्यावर अशी कडक जबाबदारी टाकलेली होती, कारण प्रवासी परक्या ठिकाणी त्यांच्यावर विसंबून असतो. इंग्लंडमध्ये १५८४ सालच्या केलीच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, पाहुण्याला खोलीची चावी दिली होती आणि त्यानेच दार उघडे टाकले, ही सबब सराईवाल्याला सांगता येणार नाही. पुढे काळ बदलला, हॉटेले मोठी झाली आणि जबाबदारीला मर्यादा घातल्या गेल्या. १७ डिसेंबर १९६२ रोजी ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या संघटनेच्या देशांनी पॅरिसमध्ये या विषयावर करार केला, आणि युरोपातील अनेक देशांचे आजचे कायदे त्याच धर्तीवर आहेत. त्यांचा गाभा असा, की पाहुण्याने नुसत्या खोलीत ठेवलेल्या वस्तूंसाठी हॉटेल एका मर्यादेपर्यंतच जबाबदार असते. पण तीच वस्तू हॉटेलच्या ताब्यात रीतसर सांभाळायला दिली, तर ती मर्यादा राहत नाही.

जर्मनीचेच उदाहरण देतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. तेथील दिवाणी संहितेनुसार हॉटेलची जबाबदारी एका दिवसाच्या खोलीभाड्याच्या शंभरपट, कमीत कमी ६०० आणि जास्तीत जास्त ३,५०० युरो इतकी असते. पण रोख रक्कम आणि मौल्यवान वस्तूंसाठी ही वरची मर्यादा ८०० युरो आहे. वस्तू हॉटेलकडे ठेव म्हणून दिलेली असेल, किंवा हॉटेलचा अथवा त्याच्या माणसांचा दोष सिद्ध झाला, तर मर्यादा लागू होत नाही. एवढेच नव्हे, तर रोख आणि मौल्यवान वस्तू सांभाळायला घेणे हे हॉटेलचे कर्तव्य आहे. हॉटेलच्या आकारमानाच्या वा दर्जाच्या मानाने ती वस्तू फारच किमती किंवा अवजड असेल, अथवा धोकादायक असेल, तरच ते नाकारता येते. ‘येथील वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही’ अशी नुसती पाटी लावून तेथे हे कर्तव्य झटकता येत नाही. मात्र वस्तू हरवल्याचे लक्षात येताच पाहुण्याने विनाविलंब हॉटेलला कळवले पाहिजे, नाहीतर त्याचा हक्क सामान्यतः बुडतो. हे सारे मला घरी परतल्यावर कळले. रिसेप्शनवर वस्तू ठेवण्याची सोय असल्याची सूचना आमच्या खोलीतील माहितीपुस्तिकेत छापलेली होती आणि आम्ही ती पुस्तिका चार दिवसांत एकदाही उघडली नव्हती.

इंग्लंडमध्ये १९५६ च्या हॉटेल मालकविषयक कायद्यानुसार, रीतसर सूचना लावलेली असेल तर मर्यादा एका वस्तूस ५० पौंड आणि एकूण १०० पौंड एवढीच आहे. आजच्या काळात ही रक्कम एका साध्या फोनलाही पुरणार नाही. परंतु त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, वस्तू सांभाळण्यासाठी म्हणून सोपवली असेल, किंवा पाहुण्याने ती देऊ केली आणि हॉटेलने घेण्यास नकार दिला असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. म्हणजे नुसते विचारण्यालाही कायद्यात मोल आहे. न्यूयॉर्क राज्याचा कायदा पाहुण्याच्या दृष्टीने अधिक कठोर आहे. हॉटेलने तिजोरीची सोय केली असेल आणि तशी सूचना लावली असेल, तर तेथे न सोपवलेल्या पैशांची व दागिन्यांची जबाबदारी हॉटेलवर सर्वसाधारणपणे येत नाही. सोपवलेल्या वस्तूंसाठीही, वेगळा लेखी करार नसेल, तर सामान्यतः १,५०० डॉलरची मर्यादा आहे. देश बदलला की नियम बदलतो, पण एक धागा सगळीकडे सारखा दिसतो : कायदा विचारतो ते हे की वस्तू कोणाच्या ताब्यात दिली होती आणि त्याची नोंद कुठे आहे. खोलीतील तिजोरीत आपण आपल्या हाताने ठेवलेल्या वस्तूची नोंद कुठेच नसते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की जी वस्तू हरवली तर मनाला लागेल ती मुळात बरोबर नेऊच नये. पण न्यावीच लागली, तर ती रिसेप्शनवर सोपवावी आणि पावती घ्यावी. वस्तू लिफाफ्यात घालून तो चिकटवावा, जोडावर स्वतःची सही करावी, आणि पावतीवर ‘एक पाकीट’ असे मोघम न लिहिता आत काय आहे व त्याची अंदाजे किंमत किती, हे लिहून घ्यावे. लिफाफा परत कोणत्या वेळेत मिळतो, तेही तेव्हाच विचारावे. पहाटेचे विमान असेल आणि तिजोरीची चावी सकाळी नऊला येणाऱ्या माणसाकडे असेल, तर मोठी अडचण होते. घेण्यास नकार मिळाला, तर तो हॉटेलला ईमेल पाठवून लेखी नोंदवावा. आपण हॉटेल सोडल्यानंतर काही तासांसाठी सामान जेथे ठेवतो, त्या सामानघरात मौल्यवान काहीही ठेवू नये, कारण तेथे बॅगेला चिठ्ठी लावतात, आत काय आहे याची नोंद करत नाहीत.

पासपोर्टचा प्रश्न वेगळा आहे. तो खोलीतच ठेवावा, असा सर्रास सल्ला दिला जातो. पण जपानसारख्या देशात परदेशी पर्यटकाने तो सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे आणि न बाळगल्यास एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या देशात जायचे तेथील नियम आधी पाहून मगच हे ठरवावे. पासपोर्टच्या व व्हिसाच्या पानाची प्रत वेगळ्या बॅगेत आणि स्वतःच्या ईमेलमध्ये असावी. सर्व कार्डे आणि सर्व रोख रक्कम एकाच जागी ठेवू नये, कार्ड बंद करण्यासाठी लागणारा बँकेचा क्रमांक फोनशिवाय कागदावरही लिहिलेला असावा, आणि फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक, टिपून ठेवावा. बरोबरच्या मौल्यवान वस्तूंची छायाचित्रे आणि खरेदीच्या पावत्या निघण्यापूर्वी एकत्र करण्यास अर्धा तास लागतो. तो आम्ही दिला नव्हता.

रात्री-अपरात्री खोलीत फोन येतो, ‘रिसेप्शनवरून बोलतो आहे, आपल्या कार्डाची माहिती पुन्हा हवी आहे’ असे सांगितले जाते, आणि झोपेत माणूस आकडे सांगून मोकळा होतो. ही फसवणूक अनेक देशांत चालते. अशा वेळी फोन ठेवून स्वतः खाली जाऊन विचारावे.

एवढे करूनही चोरी झाली, तर क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम हॉटेलला लेखी कळवावे आणि कुलपाच्या व तिजोरीच्या नोंदी तसेच कॅमेऱ्यातील चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच पत्रात करावी. कार्डे तत्काळ बंद करावीत. पोलिसांत तक्रार तो देश सोडण्यापूर्वीच नोंदवावी आणि तिची प्रत घ्यावी, कारण बहुतेक विमा योजना तिच्याशिवाय दावा विचारात घेत नाहीत आणि त्यासाठी अनेकदा २४ तासांची मुदत घालतात. पासपोर्ट गेला असेल, तर आपल्या दूतावासाला कळवून तात्पुरते प्रवासपत्र मिळवावे लागते. एकदा हरवल्याचे नोंदवलेला पासपोर्ट नंतर सापडला, तरी त्यावर प्रवास करू नये, कारण तो रद्द झालेला असतो आणि अशा कागदपत्रांची यादी इंटरपोलच्या माध्यमातून सीमांवर तपासली जाते. विम्याच्या अटी मात्र निघण्यापूर्वीच वाचायच्या असतात. एका वस्तूसाठी किती, सर्व मौल्यवान वस्तूंसाठी मिळून किती, आणि रोख रकमेसाठी काही आहे की नाही, हे आकडे एकूण विमारकमेच्या मानाने फार लहान असतात.

सहली नेणाऱ्या संस्थांनी प्रवाशांना जी सूचनापत्रे द्यायची असतात, त्यांत त्या त्या देशातील हॉटेलच्या जबाबदारीची मर्यादा आणि रिसेप्शनवर ठेव देण्याची पद्धत चार ओळींत छापावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या पर्यटन पुरवणीनेही देशनिहाय अशी एक चौकट द्यावी. ती कापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवणारे वाचक पुष्कळ निघतील. गेल्या वर्षीच्या प्रवासात आम्ही पहिल्यांदाच रिसेप्शनवर लिफाफा दिला. तेथील तरुण कर्मचाऱ्याने वस्तू मोजल्या, पावती लिहिली, आम्हाला वाचून दाखवली आणि दोघांच्या सह्या घेतल्या. त्याला त्यात काहीच वावगे वाटले नाही; संकोच वाटत होता तो केवळ आम्हाला.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक